दारात आलेला उजेड

घरातल्या इंटरनेटविषयी आपण बोलतो ते बहुतेकदा वैतागून. ‘नेट गेलंय’, ‘स्पीड मिळत नाही’, ‘उद्या माणूस पाठवतो म्हणाले, त्याला आठवडा झाला’. यातली प्रत्येक तक्रार मीही केली आहे आणि यापुढेही करणार आहे. महिन्याचे पैसे मोजणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण ज्या वस्तूवर आपण एवढे चिडतो ती नेमकी काय आहे, हे एकदा नीट समजून घ्यायला बसलं की राग बाजूला राहतो आणि तोंडात बोटं घालायची वेळ येते.

खिडकीच्या चौकटीतून किंवा दाराच्या वरून घरात शिरलेली ती बारीक वायर पाहा. फायबरचं कनेक्शन असेल तर तिच्यातून वीज वाहत नाही. वरचं आवरण सोललं की आत उरते ती काच. जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्या काचेच्याही मधोमध जेमतेम नऊ मायक्रॉनचा गाभा आहे आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड, सेकंदाला जवळजवळ अडीच अब्ज खुणा घेऊन, तुमच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. आपण भांडतो ते या उजेडाशी. माझं मत असं, की बहुतेक वेळा आपलं भांडण चुकीच्या ठिकाणी लागलेलं असतं. या साखळीतला जो भाग खरोखर अचाट आहे तो क्वचित दगा देतो. गोंधळ होतो तो शेवटच्या पाच-दहा मीटरमध्ये, आणि तिथला बराचसा कारभार आपल्याच हातात असतो.

काच किती स्वच्छ असावी?

खिडकीच्या काचेतून पलीकडचं सगळं दिसतं म्हणून आपण तिला पारदर्शक म्हणतो. तीच काच कडेकडून पाहिली तर हिरवट, गढूळ दिसते. काचेत मिसळलेल्या लोहाच्या अंशांचा तो रंग. चार मिलिमीटर जाडीत तो जाणवत नाही, पण जाडी वाढत गेली की उजेड गिळला जातो.

१९६०च्या दशकात नेमकी हीच अडचण होती. काचेच्या तंतूतून उजेड पाठवता येतो हे माहीत होतं. पंजाबात मोगा इथे जन्मलेल्या आणि आग्र्यात शिकलेल्या नरिंदरसिंग कपानींनी १९५०च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडग्यातून चित्रं पाठवून दाखवली होती; त्यांचा निबंध १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पोटात डोकावणाऱ्या दुर्बिणीसाठी ते पुरेसं होतं, कारण तिथे उजेडाला हात-दीड हातच जायचं असतं. दूरध्वनीसाठी मात्र उजेड किलोमीटरच्या किलोमीटर जायला हवा होता, आणि त्या काळच्या उत्तम काचेतही वीस मीटरवर शंभरातला एकच भाग उरत असे.

१९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो गावच्या प्रयोगशाळेत काम करणारे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी एक धाडसी विधान केलं: दोष काचेचा नाही, काचेतल्या भेसळीचा आहे. लोह, तांबं असल्या धातूंचे सूक्ष्म अंश काढून टाका, मग हाच उजेड दूरवर जाईल. त्यांनी उद्दिष्टही आखून दिलं: एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग शिल्लक राहिला तरी टेलिफोन कंपन्यांना परवडेल. म्हणजे काच पन्नासपट चांगली करायची! चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती वेस ओलांडली. आजच्या तंतूत तोच शंभरातला एक भाग उरायला उजेडाला शंभर किलोमीटर जावं लागतं. वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर: मानवी कारागिरीची एवढी मोठी उडी एवढ्या थोड्या वर्षांत फार कमी क्षेत्रांत सापडेल. काओंना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासलं होतं. त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिलं.

एवढी स्वच्छ काच करायची कशी? वाळू वितळवून ती होत नाही, कारण वाळूबरोबर सगळी भेसळही येते. म्हणून काच वायूतून घडवतात. सिलिकॉनचं द्रवरूप क्लोराइड घ्यायचं, त्याची वाफ करायची आणि प्राणवायूबरोबर प्रचंड तापवायची. धातूंचे अंश वाफेबरोबर येत नाहीत, मागेच राहतात. वाफेतून काचेची अतिसूक्ष्म काजळी साठत जाते, तिचाच पुढे भरीव दांडा होतो. गाभ्याच्या जागी थोडं जर्मेनियम मिसळतात. मग उंच मनोऱ्याच्या माथ्यावर हा दांडा सुमारे दोन हजार अंश सेल्सियसला मऊ करून त्याचं टोक खाली ओढायला लागायचं. दांड्यात जे जे जिथे होतं ते ते तंतूतही तिथेच राहतं, फक्त बारीक होऊन. गाभा मधोमधच राहतो. एका दांड्यातून शेकडो किलोमीटर तंतू निघतो.

हे कुठे दूरदेशी घडतं असं समजू नका. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला अशा काचेचे दांडे तयार होतात आणि वाळूजला त्यांचा तंतू ओढला जातो. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे हे कारखाने आहेत. तुमच्या जिन्यातून गेलेली काच मराठवाड्यात जन्मलेली असण्याची शक्यता चांगलीच आहे.

उजेड बाहेर का पडत नाही?

सगळा खेळ गाभा आणि त्याभोवतीची काच यांच्यातल्या फरकाचा आहे. जर्मेनियममुळे गाभ्यात उजेड किंचित हळू चालतो. फरक एक टक्क्याहूनही कमी, पण तेवढा पुरतो. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे अगदी तिरप्या कोनात गेलेला उजेड सीमेवरून पूर्णच्या पूर्ण मागे फिरतो. आरशातही थोडा उजेड वाया जातो, इथे काहीच जात नाही. जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडोंनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला हे पाण्याच्या धारेत दाखवलं होतं: टाकीतून वाकत पडणाऱ्या धारेत उजेड सोडला की तो धारेबरोबर वाकत खाली येई.

घरातल्या तंतूचा गाभा मात्र इतका अरुंद आहे की त्यात उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत जातो असं म्हणणंही पुरतं खरं नाही. तो एकच लाट होऊन सरळ सरकतो, आणि त्या लाटेचा थोडा भाग गाभ्याच्या बाहेरच्या काचेतूनही चाललेला असतो. म्हणूनच वायर अतिशय कडक वळवली की बाहेरचा भाग निसटतो आणि उजेड गळतो. हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. सोफा भिंतीला सरकवताना वायर चेपली, खिळ्याने आवळली, कपाटामागे तिची घडी झाली, की नेट मंदावतं किंवा तुटतं आणि आपण कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. आता घरांसाठी जास्त वळण सोसणारा तंतू मिळतो. त्याला साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळणही चालतं. पण घडी त्यालाही चालत नाही.

बत्तीस घरं, एक तंतू

सोसायटीत येणारा प्रत्येक तंतू सरळ कंपनीच्या केंद्रापर्यंत जातो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत एका छोट्या डबीत शिरतो. तिला स्प्लिटर म्हणतात. तिथून त्याचे बत्तीस, कधी चौसष्ट फाटे फुटतात. या डबीत मोटार नाही, चिप नाही, बॅटरी नाही, विजेचं कनेक्शनही नाही. आत फक्त काच आहे. उजेड आपोआप वाटला जातो आणि प्रत्येक घराला मूळ उजेडाचा बत्तिसावा हिस्सा, खरं तर त्याहूनही थोडा कमी, मिळतो.

याचा अर्थ असा की केंद्राकडून येणारा सगळा मजकूर बत्तीसच्या बत्तीस घरांत पोहोचतो. शेजाऱ्याचा सिनेमाही तुमच्या भिंतीवरच्या डबड्यापर्यंत येतो. तुमचं यंत्र त्यातला फक्त तुमच्या नावचा भाग उचलतं, आणि बाकीचा वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक कुलपाची सोय या पद्धतीच्या मानकातच करून ठेवलेली आहे.

जाणारा मजकूर ही याहून अवघड गोष्ट. बत्तीस घरांनी एकदमच उजेड सोडला तर डबीत सगळ्यांची सरमिसळ होईल. म्हणून पाळी लावतात. खानदेशात पांझरेच्या काठच्या फड पद्धतीत बंधारा एक, पाट एक, आणि कोणाच्या वावराला पाणी कधी सुटायचं हे ठरवणारा पाटकरी एक. तसा इथला पाटकरी केंद्रात बसलेलं यंत्र आहे. ते प्रत्येक घराला सांगतं, या क्षणापासून त्या क्षणापर्यंत तू बोल. फरक एवढाच की ही पाळी दिवसांची नसते, मायक्रोसेकंदांची असते. त्यात आणखी एक मेख आहे. कोणाचं घर केंद्रापासून एक किलोमीटरवर, कोणाचं पंधरा किलोमीटरवर. दूरच्याचा उजेड उशिरा पोहोचणार. म्हणून कनेक्शन सुरू होताना केंद्र आधी प्रत्येक घराचं अंतर उजेडानेच मोजून घेतं आणि जवळच्यांना तेवढं थांबायला लावतं. काचेत उजेड एका नॅनोसेकंदाला साधारण वीस सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे हे मोजमाप वीत-दोन वितीपर्यंत नेमकं जमतं. राउटर चालू केल्यावर हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत आपण कंटाळून पाहत बसतो, त्या वेळात हा उद्योगही उरकला जातो.

येणारा आणि जाणारा, दोन्ही उजेड एकाच तंतूतून एकाच वेळी जातात. येणाऱ्याची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर, जाणाऱ्याची १३१०. दोन्ही अवरक्त, आपल्याला न दिसणारे. म्हणून तुटलेल्या वायरच्या टोकाला डोळा लावून ‘उजेड येतोय का’ हे कधीही पाहू नये.

आता प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट. भिंतीवरच्या डबड्यापर्यंत येणारा उजेड किती असतो? तंत्रज्ञ तो ‘डीबीएम’मध्ये सांगतात आणि आकडा उण्यात असतो. उणे वीस म्हणजे मिलीवॉटचा शंभरावा भाग. एवढ्याशा उजेडावर घरातला टीव्ही, दोन लॅपटॉप आणि चार मोबाइल चालतात! या हिशेबात आकडा तीनने घसरला की उजेड निम्मा झाला असं समजायचं. नेहमीच्या प्रकारच्या यंत्राला उणे आठ ते उणे सत्तावीस एवढ्या टप्प्यात काम करता येतं. म्हणून कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: ‘पॉवर किती येतेय?’ तो आकडा डबड्यावर लिहून ठेवावा. पुढे कधी उणे एकोणीसचा उणे सव्वीस झालेला दिसला, तर वायर कुठे तरी चेपली आहे, जोड खराब आहे किंवा टोकावर धूळ बसली आहे. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे धुळीचा एक कण म्हणजे दारात पडलेला धोंडा. ‘आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय’ या ठरीव उत्तराला हा आकडा हे चांगलं प्रत्युत्तर आहे.

स्प्लिटरला वीज लागत नाही याचाही फायदा घ्यावा. वीज गेली तरी काच चालूच असते. बंद पडतं ते आपल्या घरातलं यंत्र. राउटरपुरता छोटा यूपीएस बसवला आणि केंद्रावर बॅटरीची सोय असली, की भारनियमनातही ऑनलाइन वर्ग आणि घरून चाललेलं काम थांबत नाही. महागड्या प्लॅनपेक्षा ही खरेदी पुष्कळदा शहाणपणाची ठरते.

सिनेमा येतो कुठून?

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर समुद्रातून कित्येक केबली जमिनीवर येतात. त्यांतून भारताचा पश्चिमेशी संवाद चालतो. खोल समुद्रात अशी केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची असते. उजेड थकू नये म्हणून ठरावीक अंतरांवर एर्बियम मिसळलेल्या काचेचे वर्धक असतात. त्यांत उजेडाचं विजेत रूपांतर न करता उजेडानेच उजेड वाढवला जातो. त्या वर्धकांना लागणारी वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधल्या तांब्यातून पाठवतात. ही वाट नवी नाही. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल अंथरली होती. तांबड्या समुद्राकडे जाणारा तोच मार्ग आजही आपला पश्चिमेकडचा मुख्य मार्ग आहे, आणि तोच आपला दुबळेपणाही. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट दिवसेंदिवस रखडलं होतं.

मग रोज रात्री नऊ वाजता सगळा महाराष्ट्र मालिका आणि सामने पाहत असताना हे सगळं समुद्रापलीकडून येतं का? बहुतांश नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती आधीच देशात, मोठ्या शहरांत, कित्येकदा इंटरनेट पुरवठादाराच्याच इमारतीत आणून ठेवलेल्या असतात. नेटफ्लिक्स अशी यंत्रं पुरवठादारांकडे बसवतं, गूगलचीही तशीच व्यवस्था आहे. त्यामागे उजेडाच्या वेगाची मर्यादा आहे. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. समुद्रामार्गे लंडनला जाऊन-येऊन किमान शंभर. हा वेळ कोणताही प्लॅन घेऊन कमी होत नाही. विलायतेतल्या मुलीशी बोलताना किंचित अडखळल्यासारखं होतं, त्यातला काही भाग भूगोलाचा आहे, कंपनीचा नाही.

खरा घोळ: भिंतीपासून मोबाइलपर्यंत

एवढी अचाट साखळी दारात येऊन थांबते आणि शेवटचं काम वाय-फायवर सोपवते. हे वाय-फायही काही कमी अद्भुत नाही. घरात लहरी भिंतीवर, जमिनीवर, कपाटावर आपटून शेकडो प्रतिध्वनींच्या रूपात मोबाइलकडे येतात आणि एकमेकींत मिसळून मजकुराचा गाळ करतात. हा प्रश्न सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले. फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ स्पंद ते शोधत होते. ते सापडले नाहीत, पण विस्कटलेल्या लहरींतून मूळ संकेत निवडून काढण्याचं गणित हाताशी आलं, आणि १९९०च्या दशकात ते बिनतारी जाळ्यांच्या कामी लागलं. आकाश आणि घर यांचं हे नातं आपल्याकडेही पाहता येतं: नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या तीस तबकड्यांनी टिपलेले संकेत मुख्य इमारतीपर्यंत प्रकाशीय तंतूंतूनच येतात.

तरीही वाय-फाय ही हवेतली गोष्ट आहे आणि हवा सगळ्यांची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. तो लांब जातो, भिंत ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच आहेत. चाळीस सदनिकांच्या इमारतीत चाळीस राउटर त्या तीन वाटांवर दाटी करतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचीही गर्दी तिथेच. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस, वेगही जास्त, पण काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना तो दमतो. म्हणून सरळ हिशेब: राउटर ज्या खोलीत आहे तिथे ५ गिगाहर्ट्झ, लांबच्या खोलीत २.४.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वाय-फायच्या एका वाटेवर एका वेळी सहसा एकच जण बोलू शकतो. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं, मग बोलतं. मागच्या खोलीत कोपऱ्यात पडलेला जुना मोबाइल अशक्त संकेतामुळे सावकाश बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत बाकीच्यांना थांबावं लागतं. त्यामुळे टीव्हीसमोर बसलेल्याचा सिनेमा अडकतो तो कदाचित त्या मागच्या खोलीतल्या फोनमुळे. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक हलत नाहीत. त्यांना सरळ लॅन केबल जोडावी. हवा मोकळी होते आणि सगळ्यांचंच भलं होतं.

राउटरची जागा हा तर आपल्याकडचा खास विनोद. वायर जिथून आत येते तिथेच, म्हणजे दारामागे, चपलांच्या कपाटात, लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी तो ठेवायचा आणि मग बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून ओरडायचं. लोखंड लहरी अडवतं, आरशाच्या पाठीवरचा मुलामाही अडवतो, पाण्याने भरलेली माशांची पेटी त्या शोषते. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यात ठेवलेला साधा राउटर कपाटात कोंडलेल्या महागड्या राउटरपेक्षा चांगलं काम करतो.

जाहिरातीतला आकडा

आता पैशाचं बोलू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे घराघरांत आलेल्या ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ७०० मेगाबाइटचा सिनेमा उतरवायला, सगळं सुरळीत चाललं तरी, अठ्ठावीस तासांच्या आसपास लागले असते. शंभर एमबीपीएसवर तो मिनिटाभरात उतरतो. सरकारी व्याख्येत २००४ मध्ये २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून किमान दोन एमबीपीएस. बाजारात मात्र आज शंभर, दोनशे, पाचशे अशी चढाओढ चालली आहे, आणि इथेच ग्राहकाने जरा थांबावं.

एक, एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा आहे, बाइटचा नव्हे. शंभरला आठाने भागा: सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. फाइल ‘शंभर’ने उतरत नाही ही फसवणूक नाही, एककांचा फरक आहे. दोन, जाहिरातीतल्या किमतीत बहुधा अठरा टक्के जीएसटी धरलेला नसतो. तीन, ‘अमर्यादित’ प्लॅनलाही ठरावीक वापरानंतर वेग कमी होण्याची अट असू शकते. ती बारीक अक्षरं वाचावीत. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: एचडी सिनेमाला पाचेक एमबीपीएस पुरतात, फोर-के असेल तर पंधरा ते पंचवीस, व्हिडिओ कॉलला दोन-चार. चौघांच्या घरात चारही जण एकदम काही पाहत असले तरी शंभरचा प्लॅन पुरतो.

मग कॉल अडकतो का? बहुधा रांगेमुळे. कोणाचा तरी मोबाइल सहलीचे फोटो क्लाउडवर चढवत असतो आणि जाण्याची वाट भरून जाते. तुमच्या बोलण्याचे छोटे तुकडे त्या मोठ्या फायलींच्या मागे राउटरमध्ये उभे राहतात. वेग दुप्पट करून रांग थोडी हटेल, पण फोटो रात्री चढतील अशी सेटिंग केली तर फुकटात हटेल. म्हणून प्लॅन निवडताना येणाऱ्या वेगाइतकाच जाणारा वेग आणि विलंबाचा आकडाही विचारावा.

वेग मोजायचा तोही रीतसर. आधी लॅपटॉप लॅन केबलने जोडून मोजा. पैसे मोजलेला वेग तिथे मिळत असेल तर कंपनीने तिचं काम केलं आहे. पुढची घट तुमच्या घरातल्या हवेतली आहे. केबलवरही मिळत नसेल तर दोष त्यांचा, आणि मग सोडू नका. तक्रारीचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनी तशी दोन पायऱ्यांची सोय सक्तीची केलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

माझा निवाडा असा: फायबरचं कनेक्शन मिळत असेल तर बिनदिक्कत घ्यावं, कारण त्यामागची काच ही आपल्या पिढीला मिळालेल्या सर्वोत्तम वस्तूंपैकी एक आहे. पण आकड्यांच्या मागे धावू नये. शंभरच्या आसपासचा प्लॅन, विलंब कमी ठेवणारा आणि बिघाड झाल्यावर माणूस पाठवणारा पुरवठादार, राउटरला छोटा यूपीएस, टीव्हीला केबल: बहुतेक घरांना एवढं पुरे. तेव्हा पाचशेच्या प्लॅनसाठी फोन लावण्याआधी आज संध्याकाळी एक काम करा. राउटर चपलांच्या कपाटातून बाहेर काढा.